लंडन ते एडिंबरा रेल्वेने: पाच जण, दोन ज्येष्ठ, तिकीट कुठलं आणि कधी काढावं?

कात्रजकर

नमस्कार मंडळी,

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून पाच जण निघणार आहोत. आम्ही दोघं, मुलगा (वय ९), आई (६६) आणि बाबा (७१). मुंबईहून येणारं विमान सकाळी सातच्या सुमारास हीथ्रोला उतरतं. त्याच दिवशी किंग्ज क्रॉसहून रेल्वेने एडिंबरा, तिथे चार रात्री, मग रेल्वेने परत लंडन आणि तिथे पाच रात्री, असा बेत आहे. परतीचं विमानही हीथ्रोहूनच आहे.

रेल्वेच्या साइटवर एकाच दिवसाचे आकडे ४५ पौंडांपासून दोनशेपर्यंत दिसतात. अ‍ॅडव्हान्स, ७० मिनिट फ्लेक्स आणि एनीटाइम यांत नेमका फरक काय? पर्यटकांना रेलकार्ड (भाड्यात सूट देणारं कार्ड) मिळतं का? लुमो नावाची स्वस्त गाडी दिसते, ती घ्यावी का? सोबत चार मोठ्या बॅगा असतील, आणि बाबांना जिने चढायला त्रास होतो. वाटेत यॉर्कला उतरून तीन-चार तास घालवता आले तर हवेच आहेत. समुद्र कुठल्या बाजूला दिसतो तेही सांगा.

रूळकरी

तिकिटाच्या आधी बेताचा क्रम बदला. विमानातून उतरलात की आधी लंडनचे पहिले काही दिवस, मग मध्ये एडिंबरा, आणि शेवटची किमान एक रात्र पुन्हा लंडनला.

कारण सांगतो. स्वस्त अ‍ॅडव्हान्स तिकीट त्या एकाच गाडीला बांधलेलं असतं. गाडी चुकली की तिकीट संपलं, पैसे परत नाहीत. आधीची रेल्वेगाडी उशिरा आल्यामुळे पुढची चुकली तर नंतरच्या गाडीने जाऊ देतात, पण विमान उशिरा उतरलं, पासपोर्टच्या रांगेत दोन तास गेले किंवा बॅग पट्ट्यावर आलीच नाही, तर रेल्वेचा त्याच्याशी काही संबंध नाही. ऐन वेळी काढायचं, वेळेची अट नसलेलं एनीटाइम तिकीट एका बाजूचं माणशी २०० पौंडांच्या आसपास पडतं. चार मोठे आणि एक अर्धं तिकीट म्हणजे ९०० पौंड, आणि तेही प्रवासाच्या पहिल्याच दिवशी. आईबाबा रात्रभर विमानात बसून आलेले असतील. त्यांना त्याच दिवशी आणखी साडेचार तास बसवण्यात तसाही अर्थ नाही.

क्रम बदलताच येत नसेल तर ७० मिनिट फ्लेक्स घ्या. यात एक गाडी ठरवून सीट मिळते, पण तिच्या सुटण्याच्या वेळेच्या ७० मिनिटं आधीपासून ७० मिनिटं नंतरपर्यंत सुटणारी एलएनईआरची (या मार्गावरच्या मुख्य रेल्वे कंपनीची) कुठलीही गाडी चालते. दुपारी १२ ची गाडी धरली तर १०:५० ते १:१० ही तुमची खिडकी. एडिंबराला दिवसा साधारण तासाला दोन गाड्या असल्याने त्यात चार-पाच गाड्या बसतात. विमान सातला उतरणार असेल तर १२ च्या आधीची गाडी धरू नका. आणि १:१० नंतर हेही तिकीट गेलंच, हे लक्षात ठेवा.

जुन्या ब्लॉगांवर ऑफ-पीक रिटर्न (गर्दीची वेळ सोडून चालणारं परतीचं तिकीट) काढायचा सल्ला दिसेल, तो या मार्गावर आता लागू नाही. एलएनईआरने २०२३ मध्ये परतीची तिकिटं बंद करून जाणं आणि येणं वेगवेगळं विकायला सुरुवात केली, आणि २०२४ मध्ये लंडन-एडिंबरासाठी सुपर ऑफ-पीक काढून टाकून ७० मिनिट फ्लेक्स आणलं. म्हणजे दोन्ही बाजू एकत्र काढून काही वाचत नाही. याचा फायदा असा की जाताना एका कंपनीची आणि येताना दुसऱ्या कंपनीची गाडी बिनधास्त घेता येते.

आता रेलकार्ड. नागरिकत्वाची अट नाही, पर्यटकही घेऊ शकतात. तुमच्यासाठी फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड. एका कार्डावर चार मोठे आणि ५ ते १५ वयाची चार मुलं बसतात. मोठ्यांना एक तृतीयांश सूट, मुलांच्या भाड्यावर ६० टक्के. कार्ड वर्षभराचं, किंमत ३५ पौंड. मोठ्यांचं भाडं ६० पौंड धरलं तर चौघांचे २४० होतात, कार्डावर साधारण १५८. पहिल्याच प्रवासात कार्डाचे पैसे दुपटीने वसूल. आईबाबांसाठी वेगळं सीनियर रेलकार्ड काढायची गरज नाही, सूट तेवढीच आहे. अट एकच: प्रवासात मूल बरोबर हवं, आणि ज्यांच्या नावाने कार्ड आहे त्यांच्यापैकी एक जण हवा. दोन नावं टाकता येतात, तर तुमच्या दोघांचीही टाका.

डिजिटल कार्ड फोनवर घ्या आणि तिकीट काढताना "रेलकार्ड जोडा" हा पर्याय निवडायला विसरू नका. तपासनीसाने मागितल्यावर कार्ड दाखवता आलं नाही तर सवलतीचं तिकीट अवैध धरतात. फोनची बॅटरी संपली ही सबब चालत नाही.

कधी काढायचं? अ‍ॅडव्हान्स तिकिटं साधारण १२ आठवडे आधी खुली होतात. शनिवार-रविवारची कधीकधी आणखी उशिरा, कारण रुळांच्या कामाचं वेळापत्रक आधी पक्कं व्हावं लागतं. एलएनईआरच्या साइटवर तारीख टाकून ठेवली की तिकिटं खुली झाल्यावर ईमेल येतो. मंगळवार-बुधवारची सकाळी दहानंतरची गाडी स्वस्त सापडते. शुक्रवार दुपार आणि रविवार दुपार महाग.

तुमच्या तारखांत एक अडचण आहे. मेचा शेवटचा सोमवार बँक हॉलिडे असतो आणि त्या आठवड्यात इंग्लंडमधल्या शाळांना सुट्टी असते. त्या शनिवार ते सोमवारात रुळांची मोठी कामं काढतात. गाड्या कमी, गर्दी जास्त, कधी काही टप्पा बसने. परतीचा प्रवास त्या शनिवारच्या आधी उरका किंवा मंगळवारनंतर ठेवा.

उत्तरायण

लुमोबद्दल. २०२१ च्या ऑक्टोबरपासून किंग्ज क्रॉस-एडिंबरा धावते. पाच डब्यांची विजेवरची गाडी, एकच वर्ग, मोजके थांबे: स्टीव्हनेज, न्यूकॅसल, मॉर्पेथ. वेळ एलएनईआरइतकाच, साडेचार तासांच्या आसपास. आधी काढलं तर बऱ्याचदा एलएनईआरपेक्षा बरंच स्वस्त, आणि रेलकार्डही चालतं.

तरी तुम्हाला जाताना ती सुचवणार नाही. सामानाची मर्यादा एलएनईआरपेक्षा कडक आहे, चार मोठ्या बॅगा तिथे अडचणीच्या ठरतील. दिवसाला गाड्या मोजक्याच, त्यामुळे एखादी रद्द झाली तर पुढचीसाठी कित्येक तास थांबावं लागू शकतं. यॉर्कला तर ती थांबतही नाही. एकट्यादुकट्याने पाठीवर सॅक घेऊन जायचं असेल तर जरूर घ्यावी.

सामान लंडनच्या हॉटेलवर ठेवता आलं आणि दोन छोट्या बॅगा घेऊनच निघालात, तर मात्र परतीसाठी लुमोचा भाव बघा. एकच सूचना: लुमोच्या तिकिटावर फक्त लुमो चालते आणि एलएनईआरच्या अ‍ॅडव्हान्स किंवा फ्लेक्स तिकिटावर फक्त एलएनईआर. दोन्ही एकाच स्टेशनवरून सुटतात, त्यामुळे घाईत चुकीच्या गाडीत चढणारे असतातच.

रात्रीच्या गाडीचा विचार मनात आलाच असेल. कॅलेडोनियन स्लीपर किंग्ज क्रॉसहून नाही, यूस्टनहून सुटते, शनिवारी रात्री नसते. खोलीत वर-खाली दोन बर्थ असतात, म्हणजे पाच जणांना तीन खोल्या. आई किंवा बाबांपैकी कुणालाही शिडीवरून वरच्या बर्थवर पाठवू नका. पैशाच्या हिशोबात दिवसाची गाडी नक्की बरी, आणि जो समुद्र बघायचा आहे तो रात्री दिसत नाही.

लीड्सकर

बाबांसाठी पॅसेंजर असिस्टन्स नोंदवाच. फुकट असते. पॅसेंजर असिस्टन्सचं अ‍ॅप आहे, फोनवरूनही करता येते. प्रवासाच्या दोन तास आधीपर्यंत नोंदणी घेतात, पण तिकीट काढलं की लगेच करून टाका. व्हीलचेअर हवी की फक्त सोबत हवी, जिना चढता येतो की नाही, बॅगा किती, हे त्यात स्पष्ट लिहा. स्टेशनचा माणूस मदत केंद्रापासून डब्यापर्यंत नेतो, गरज असेल तर रॅम्प लावतो आणि एडिंबराला उतरवून घेणारा वेगळा माणूस येतो. एडिंबराला कुणी आलेलं दिसलं नाही तर डब्यातच थांबू नका, कारण काही गाड्या तिथून पुढे जातात. दारापाशी उभं राहून कर्मचाऱ्याला हाक मारा.

त्यावरूनच आठवलं. बोर्डावर "एडिंबरा" शोधत बसू नका. काही गाड्या पुढे अ‍ॅबर्डीन किंवा इनव्हरनेसला जातात आणि बोर्डावर वर तेच नाव असतं. सुटण्याची वेळ बघा आणि खालची थांब्यांची यादी वाचा.

फलाट क्रमांक किंग्ज क्रॉसला साधारण १५-२० मिनिटं आधीच लागतो. तोवर सगळे त्या अर्धगोल मोठ्या दालनात मान वर करून उभे असतात आणि आकडा लागला की एकदम लोंढा निघतो. गाडी नऊ डब्यांची, जवळजवळ पाव किलोमीटर लांब. तुमचा डबा पार पुढच्या टोकाला असला तर बॅगा ओढत तेवढं चालावं लागतं, आणि दारं सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद होतात. असिस्टन्स घेतली असेल तर आधी सोडतात, हा तिचा मोठा फायदा. दारं आपोआप उघडत नाहीत, बाजूचं बटण पेटलं की दाबायचं.

हमाल नाहीत. २३ किलोची बॅग स्वतःच उचलून रॅकवर ठेवायची. मोठ्या बॅगांचे रॅक डब्याच्या टोकाला असतात आणि किंग्ज क्रॉसलाच भरतात, म्हणून चढल्या-चढल्या एकाने सीट शोधावी आणि दुसऱ्याने रॅक धरावा. केबिन बॅगा डोक्यावरच्या फळीवर मावतात. टोकाच्या रॅकवर ठेवलेल्या बॅगांकडे पीटरबरो, यॉर्क, न्यूकॅसलला गाडी थांबली की एकदा नजर टाकत जा. सगळ्यात उत्तम म्हणजे चारपैकी दोन बॅगा लंडनच्या हॉटेलवरच ठेवणं. परत त्याच हॉटेलला येणार असाल तर बहुतेक ठिकाणी ठेवून घेतात. खोली घेतानाच ईमेलने विचारून ठेवा.

हीथ्रोहून किंग्ज क्रॉसला पिकॅडिली लाइन थेट जाते, तासभर लागतो, स्वस्त आहे. एलिझाबेथ लाइन महाग पण झटपट: फॅरिंग्डनला उतरून थेम्सलिंकने एक स्टेशन, की सेंट पँक्रस. ते किंग्ज क्रॉसच्या अगदी समोर. दोन्ही मार्गांवर लिफ्ट आहेत, पण सकाळी आठ-नऊला पिकॅडिलीत बॅगांसकट उभं राहणं बाबांना जमणार नाही.

कात्रजकर

क्रम बदलतोय. आधी चार रात्री लंडन, मग एडिंबरा, शेवटच्या दोन रात्री परत लंडन, त्याच हॉटेलला. परतीचा प्रवास बुधवारी.

यॉर्कचं तेवढं सांगा. एकाच तिकिटावर मध्ये उतरता येतं का? आणि लंडन-यॉर्क, यॉर्क-एडिंबरा अशी तोडून काढलेली तिकिटं कधीकधी स्वस्त पडतात असं वाचलं. ते नियमात बसतं का? इथे वेटिंग लिस्ट वगैरे काही भानगड असते का?

रूळकरी

अ‍ॅडव्हान्स तिकिटावर मध्ये उतरायला परवानगी नाही. यॉर्कला उतरायचं तर दोन वेगळी अ‍ॅडव्हान्स काढा, मध्ये तुम्हाला हवा तेवढा वेळ ठेवून. पहिली गाडी लंडनहून साधारण ९ ची धरा. यॉर्क दोन तासांवर, म्हणजे ११ पर्यंत पोचाल. पुढची ३ च्या सुमाराची धरली तर एडिंबराला साडेपाच-सहाच्या आत.

चार तासांत यॉर्कला काय? मुलगा ९ वर्षांचा आहे, तर नॅशनल रेल्वे म्युझियम. स्टेशनच्या मागच्या अंगाला, चालत थोड्याच मिनिटांवर, प्रवेश मोफत. १९३८ च्या जुलैत ताशी १२६ मैलांचा विक्रम करणारं मॅलर्ड हे वाफेचं इंजिन तिथलंच. तो विक्रम वाफेच्या इंजिनांत आजही मोडलेला नाही, आणि तो झाला तो ग्रँथमच्या दक्षिणेचा उतार तुमच्या याच मार्गावर आहे. सकाळी तिथूनच आलेले असाल. त्याला आधी सांगून ठेवा. मिन्स्टर चर्च नदीपलीकडे, बाबांच्या चालीने वीस-पंचवीस मिनिटं, तर टॅक्सी करा. दोन्ही एकाच दिवशी उरकायचा हट्ट नको. आणि मोठ्या बॅगा लंडनला ठेवल्या असतील तरच यॉर्कला उतरा.

तोडून काढलेली तिकिटं पूर्णपणे नियमात बसतात. गाडी त्या मधल्या स्टेशनवर थांबली पाहिजे, एवढीच अट. तुम्ही खाली उतरायची गरज नसते. तोटा एकच: दोन तिकिटांवर दोन वेगळ्या सीट येऊ शकतात, मग यॉर्कला पाचही जणांनी उठून डबा बदलायचा. म्हणून सीट निवडताना दोन्ही तिकिटांवर तीच सीट मिळते का ते बघा. परतीसाठी हा प्रयोग वीसेक पौंड वाचत असतील तरच करा.

वेटिंग लिस्ट, आरएसी, चार्ट असं काहीही नाही. तिकिटावर नाव नसतं. अ‍ॅडव्हान्सबरोबर सीट मिळतेच, एनीटाइमवर सीट न घेताही चढता येतं, म्हणून गर्दीच्या गाडीत लोक उभे दिसतील. सीटवरचा छोटा दिवा बघा: लाल म्हणजे राखीव, हिरवा म्हणजे मोकळी, पिवळा म्हणजे पुढच्या कुठल्यातरी स्टेशनपासून राखीव. तुमच्या सीटवर कुणी बसलं असेल तर तिकीट दाखवून सांगायचं, लोक मुकाट उठतात.

खिडकीपाशी

एडिंबराला जाताना उजवी बाजू. याबाबतीत तडजोड करू नका.

पीटरबरोपर्यंत बघण्यासारखं फार नाही. मुलाला झोपवायचं असेल तर याच टप्प्यात. यॉर्कनंतर खिडकी सोडू नका. डरहॅमला गाडी उंच पुलावरून स्टेशनात शिरते आणि उजवीकडे टेकडीवरचं कॅथीड्रल आणि किल्ला एका नजरेत मावतात. दहा-पंधरा मिनिटांत न्यूकॅसल. स्टेशनात शिरायच्या आधी टाइन नदी ओलांडताना उजवीकडे पुलांची रांग दिसते, त्यातली मोठी हिरवी कमान म्हणजे टाइन ब्रिज. गाडी सावकाश असते, फोटो मिळतो.

खरा समुद्र न्यूकॅसलच्या पुढे. ॲल्नमथच्या आसपास पहिल्यांदा नीट दिसतो. मग सपाट किनाऱ्यापलीकडे होली आयलंड, त्याच्या टोकाला छोट्या कातळावरचा लिंडिसफार्न किल्ला. ओहोटीची वेळ असेल तर बेट आणि जमीन यांच्यामधला चिखलाचा पट्टा उघडा पडलेला असतो. बेरिकला ट्वीड नदीवरचा रॉयल बॉर्डर ब्रिज येतो. रॉबर्ट स्टीफनसनचा, २८ कमानींचा, १८५० मध्ये राणी व्हिक्टोरियाने उद्घाटन केलेला. गाडी वळणावर असते, त्यामुळे पुढच्या डब्यात बसलात तर मागच्या डब्यांखालच्या कमानी दिसतात. बेरिकनंतर साधारण तीन मैलांवर स्कॉटलंडची हद्द, आणि बर्नमथपर्यंत रूळ थेट कड्याच्या काठाने जातो. हा शेवटचा तुकडा जेमतेम पाच-सात मिनिटांचा आहे. तेव्हा कुणी खाण्याचे डबे उघडून बसू नये.

सीटच्या नकाशात एक फसवणूक असते. काही "खिडकीच्या" सीटपाशी खिडकीच नसते, नुसती भिंत. एलएनईआरच्या साइटवर सीट निवडताना तशी खूण दिलेली असते, ती बघा. तुम्ही पाच जण आहात, तर चार जणांचं टेबल आणि त्याच रांगेत पलीकडची एक सीट मागा. टेबलाशी खिडकी मोठी मिळते. शांत डबा घेऊ नका, तिथे फोनवर बोललेलं आणि मुलांचा आवाज खपवून घेत नाहीत. परतीला अर्थातच डावी बाजू.

लीड्सकर

राहिलेली छोटी कामं.

बुकिंग एलएनईआरच्या साइटवर किंवा अ‍ॅपवर करा, बुकिंग फी लागत नाही. ट्रेनलाइनसारखे काही विक्रेते फी घेतात. भारतातल्या कार्डवर परदेशी व्यवहार बंद असतात, ते आधी बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करा. वर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क लागतं, ते कार्डागणिक वेगळं. पाच जणांची तिकिटं एकाच व्यवहारात काढा म्हणजे सीट एकत्र येतात. ई-तिकीट पीडीएफ येतं. पाचही तिकिटं दोघांच्या फोनवर ठेवा, फाटकावर प्रत्येकाचा कोड वेगळा दाखवावा लागतो.

उशीर झाला तर एलएनईआरकडून भरपाई मिळते: ३० मिनिटांपासून तिकिटाच्या निम्मे, ६० मिनिटांपासून पूर्ण. शेवटच्या स्टेशनवर तुम्ही किती उशिरा पोचलात ते धरतात. २८ दिवसांत ऑनलाइन अर्ज करायचा, आपोआप मिळेल असं धरून बसू नका.

प्लग ब्रिटिश तीन चौकोनी पिनांचे, भारतातले बसत नाहीत. दोन अडॅप्टर हातातल्या बॅगेत ठेवा. गाडीत कॅफे आहे, चहा-कॉफी-सँडविच मिळतं, पण आईबाबा शाकाहारी असतील तर पर्याय तुटपुंजे. घरचं खायला कुणाची हरकत नसते. आदल्या संध्याकाळी यूस्टनच्या मागच्या ड्रमंड स्ट्रीटवरून काही बांधून घ्या, तिथे भारतीय शाकाहारी उपाहारगृहं आणि मिठाईची दुकानं आहेत. गाडीत गरम करून मिळत नाही, तेव्हा ठेपले, इडली असलं काहीतरी बघा.

एडिंबराचं वेव्हर्ली स्टेशन खोलगट भागात आहे, बाहेर पडायचं म्हणजे वर चढायचं. हॉटेल जुन्या शहरात, रॉयल माइलच्या बाजूला असेल तर मार्केट स्ट्रीटकडचं दार. प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजूला असेल तर वेव्हर्ली स्टेप्स, तिथे सरकते जिने आहेत आणि शेजारून लिफ्टही मिळते. चुकीच्या दाराने बाहेर पडलात तर बाबांना मधला अख्खा चढ चालावा लागेल. हॉटेल कुठल्या बाजूला आहे ते असिस्टन्सच्या माणसाला फलाटावरच सांगा.